आवाज नेमका कुठून येतोय? शोधताना या चुका टाळा

वस्तू जिथे असेल त्यानुसार तिची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर ठरावीक जागी उमटते. दिशा आयती मिळते. कानाच्या पडद्याला ही सोय नाही. तो नुसता आत-बाहेर थरथरतो आणि समोरचे, मागचे, वरचे असे सगळे आवाज त्या एकाच थरथरीत मिसळलेले असतात. दिशा मेंदूला हिशेबाने काढावी लागते. आवाज शोधताना आपण फसतो ते बहुतेक वेळा कान कमजोर असतात म्हणून नव्हे, तर या हिशेबाला लागणारी माहिती आपणच नकळत अडवतो म्हणून.

हिशेब असा. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि तिथे मोठाही लागतो, कारण डावा कान डोक्याच्या आडोशाला असतो. वेळेतला हा फरक फार तर ६५० मायक्रोसेकंदांच्या आसपास जातो, आणि अनुकूल परिस्थितीत १० मायक्रोसेकंदांइतका फरकही आपल्याला कळतो. मज्जापेशीतला एक विद्युत स्पंदच साधारण १ मिलीसेकंद, म्हणजे १,००० मायक्रोसेकंद चालतो, हे लक्षात घेतलं की मेंदूच्या या कामगिरीपुढे थक्क व्हायला होतं. खर्जातल्या आवाजांसाठी मुख्यतः वेळेचा फरक वापरला जातो आणि वरच्या पट्टीतल्या आवाजांसाठी तीव्रतेचा, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं. ढोबळ सीमा १,५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १,५०० कंपनांच्या आसपास.

चूक: श्वास रोखून पुतळ्यासारखं उभं राहणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि ती अगदी स्वाभाविकपणे होते. आवाज नीट ऐकू यावा म्हणून आपण कान टवकारून स्तब्ध होतो. त्याने आवाज ऐकू येतो, पण दिशा हरवते. बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने पोहोचतो. डोकं स्थिर असेल तर या दोन कानांच्या हिशेबात त्यांच्यात फरकच उरत नाही. डोक्यावरच्या आवाजाचंही तेच.

डोकं उजवीकडे वळवा. आवाज समोर असेल तर आता डावा कान त्याच्या जवळ जातो. मागे असेल तर उजवा. थेट वरचा आवाज असेल तर दोन्ही कानांत काहीच बदल होत नाही. एवढ्या एका हालचालीने गोंधळ मिटतो. आवाज सलग चालू असेल तर तो चालू असतानाच डोकं सावकाश फिरवत राहा.

एक कान बोटाने बंद करून दुसऱ्याने 'लक्षपूर्वक' ऐकणं हाही याच जातीचा घोटाळा. तुलना करायला दुसरा कानच ठेवला नाही तर हिशेब कशाचा मांडणार?

चूक: बारीक 'पीं' वाजली की तिच्या मागे धावणं

धुराच्या अलार्मची बॅटरी उतरली की तो अधूनमधून वाजतो आणि सापडता सापडत नाही. यात दोष आवाजाचा आहे. अशा अलार्मचा सूर बहुधा ३,००० हर्ट्झच्या आसपास असतो. त्याची तरंगलांबी सुमारे ११ सेंटिमीटर, म्हणजे डोक्याच्या रुंदीपेक्षा कमी. त्यामुळे कोणत्या कानाला लहर आधी लागली हे ठरवता येत नाही. तीव्रतेचा फरक उरतो, पण एकाच सुराच्या लहरी भिंतींवरून परतून एकमेकींत मिसळतात आणि खोलीत जागोजागी आवाज मोठा-लहान होतो. कानाच्या पाळीच्या, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या कानाच्या घड्याही इथे हतबल. वरून, खालून, पुढून येणाऱ्या आवाजातल्या वेगवेगळ्या वारंवारता त्या कमी-जास्त करतात आणि त्यावरून मेंदू उंची ओळखतो. पण एकच सूर असेल तर कमी-जास्त काय होणार? फसफस, खडखड असे अनेक वारंवारता असलेले आवाज म्हणूनच चटकन सापडतात.

अशा आवाजाला कानाने दिशा विचारत बसू नका. खोल्यांमधली दारं लावा आणि पुढच्या 'पीं'ची वाट पाहा. आवाज दबला तर तो दारापलीकडचा. खोली ठरली की संशयातली उपकरणं एकेक करून बाहेर न्या.

चूक: स्पीकरची जागा सोयीनुसार ठरवणं

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मिलीसेकंदात ३४ सेंटिमीटर. दोनपैकी एक स्पीकर एवढा जवळ असेल तर दोन्हींतून सारखाच येणारा गायकाचा आवाज मधोमध न राहता जवळच्या स्पीकरला चिकटतो. मेंदू आधी पोहोचलेल्या लहरीची दिशा धरतो आणि पाठोपाठ आलेल्या प्रतींना तिच्यातच सामावून घेतो. १९४९ मध्ये सविस्तर अभ्यासला गेलेला हा नियम एरवी उपकारकच आहे. त्याच्यामुळेच भिंतींवरून परतणारे आवाज आपल्याला चकवत नाहीत. दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करा. तरीही गायक मध्ये येत नसेल आणि खर्ज पोकळ वाटत असेल, तर एका स्पीकरच्या अधिक-उणे तारा उलट जोडल्या आहेत का ते बघा.

चूक: हेडफोनमध्ये मान वळवून दिशा शोधणं

साध्या हेडफोनमध्ये डोक्याबरोबर सगळं ध्वनिविश्वही फिरतं, त्यामुळे मान वळवून काही कळत नाही. आवाज डोक्याच्या आतच वाटतो. डावं-उजवंही कळेनासं झालं तर फोनमधलं 'मोनो ऑडिओ' (दोन्ही कानांना एकच आवाज देणारी सोय) चालू राहिलंय का ते आधी पाहा.

आणि एकाच कानात इअरबड घालून रस्ता ओलांडू नका. 'दुसरा कान मोकळा आहे की' हा युक्तिवाद चुकीचा आहे. गाडी आल्याचं कदाचित कळेल, पण कोणत्या बाजूने, हे नीट कळणार नाही.

चूक: नव्या श्रवणयंत्राला दोन दिवसांत नापास करणं

कानामागे बसणाऱ्या यंत्राचा माइक पाळीच्या घड्यांना वगळून आवाज घेतो, त्यामुळे सुरुवातीला दिशा गडबडते. मेंदूला वेळ द्या. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कानाच्या घड्यांत साचे बसवून त्यांनी पाळीचा आकार बदलला. लोकांना आवाजाची उंची कळेनाशी झाली, डावं-उजवं मात्र कळत राहिलं. काही आठवड्यांत उंचीची जाणही परत आली, आणि साचे काढल्यावर जुनी जाण लगेच हजर होती. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर एकाच कानाला यंत्र लावून भागवायचं का, हे तज्ज्ञांशी बोलूनच ठरवा.

एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी नाही. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं घटलं आणि सगळे आवाज एकाच बाजूने येतायत असं वाटू लागलं, तर मळ असेल म्हणून कानात काडी घालू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आतल्या कानाला इजा झाली असेल तर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त.