दोन चॅनेल ब्रिज करताय? आधी या चुका टाळा

श्रावण संपत आला की कोल्हापुरात रिपेरीच्या टेबलावर एकाच जातीचे पेशंट यायला लागतात. घरचा दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर, मागच्या दोन लाल टर्मिनलांत अडकवलेला एकच स्पीकर आणि आतून करपल्याचा वास. घरच्या आरतीला आवाज 'जरा' वाढवायचा असतो आणि तालमीतलं कुणीतरी सांगून गेलेलं असतं, "ब्रिज कर की भावा, चौपट पॉवर मिळतीय." चौपट खरं आहे, पण कागदावर. कागदावरचा ट्रान्सफॉर्मर कधी तापत नाही.

ब्रिजमध्ये एका चॅनेलला सिग्नल सरळ द्यायचा, दुसऱ्याला उलटा, आणि स्पीकर दोन्ही लाल टर्मिनलांच्या मध्ये लावायचा. एक चॅनेल वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो, म्हणून स्पीकरवर दुप्पट व्होल्टेज येतं. दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट पॉवर, हे गणित सगळ्यांना पाठ असतं. दुप्पट व्होल्टेजबरोबर करंटही दुप्पट होतो आणि तो त्याच दोन आयसींमधून (आवाज मोठा करणाऱ्या चिप्समधून) जातो, हा पुढचा भाग मात्र कुणी वाचत नाही.

४ ओहमचा स्पीकर लावणं

सगळ्यात जास्त बोर्ड याच चुकीनं जातात. स्पीकरच्या कॉइलचा बरोबर मध्य डोळ्यांसमोर आणा. एक टोक वर जातं तेवढंच दुसरं खाली जातं, म्हणजे मध्यावर कायम शून्य व्होल्ट. प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला अर्धीच कॉइल आली. ८ ओहमचा स्पीकर असेल तर प्रत्येक चॅनेलला ४ ओहम दिसतात. ४ ओहमचा असेल तर २. आणि "माझा स्पीकर ८ चाच आहे" म्हणणाऱ्यांच्या स्पीकरच्या डब्यात बहुतेक वेळा दोन आठचे वूफर पॅरलल जोडलेले निघतात, म्हणजे परत ४.

उष्णतेचा हिशेब बघा. १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल तर बोर्डावर साधारण अधिक-उणे २५ व्होल्ट येतात. या सप्लायवर एबी क्लासच्या (घरगुती ॲम्प्लिफायरची नेहमीची पद्धत) एका चॅनेलला ८ ओहम दिसत असतील तर तो जास्तीत जास्त १६ वॅट उष्णता टाकतो. ४ ओहमला ३२ वॅट, २ ओहमला ६३. दोन चॅनेल मिळून सव्वाशे वॅट, म्हणजे सोल्डरिंगच्या चार-पाच इस्त्र्या एका हीटसिंकवर ठेवल्यासारखं. ही उष्णता पूर्ण आवाजाला नाही, मधल्या आवाजाला सर्वात जास्त असते. म्हणून "मी काय फुल वाजवत नाही" हा बचाव चालत नाही.

टीडीए ७२९४ या आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) ब्रिजसाठी ८ ओहमच्या खाली जाऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. हीच आयसी घरगुती ब्रिज बोर्डांवर सगळ्यात जास्त दिसते आणि हीच ओळ सगळ्यात कमी वाचली जाते.

मंगळवार पेठेतल्या एका घरातला प्रकार नमुना म्हणून घ्या. दोन ७२९४ चा ब्रिज बोर्ड, वरचाच सप्लाय, डब्यात दोन आठचे बारा इंची वूफर पॅरलल. पहिले तीन दिवस हळू आवाजात सगळं झकास. चौथ्या दिवशी आवाज वाढवला तर दर दहा मिनिटांनी बंद, पाच मिनिटांनी आपोआप चालू. ही आयसी १४५ अंशाला स्वतःला म्यूट करते आणि १५० ला बंद होते, म्हणजे बिचारी सांगत होती. घरच्यांनी टेबलफॅन लावला. मग फ्यूज उडायला लागला, तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार आली. सहाव्या दिवशी पहिली आयसी शॉर्ट झाली आणि तिचं आउटपुट थेट अधिक २५ ला चिकटलं.

ब्रिजचा खरा धोका पुढे आहे. या बोर्डात दुसरी आयसी तिचा सिग्नल पहिलीच्या आउटपुटवरून उलटा करून घेते. पहिली अधिक २५ ला अडकली की दुसरी इमानदारीनं उणे २५ कडे धावते. वूफरवर डीसी ५० व्होल्टच्या आसपास आलं आणि दोन्ही कॉइल मिळून मीटरला तीन ओहमच्या वर नव्हत्या. साध्या स्टिरिओत तोच बिघाड २५ व्होल्टवर थांबला असता आणि खरा फ्यूज असता तर तो कॉइलच्या आधी गेला असता. तारेनं ती वेळ येऊ दिली नाही. दोन्ही कोन पुढे येऊन तसेच अडकले, कॉइल काळी, धूर डब्याच्या पोर्टमधून. एका रात्रीत दोन वूफर, दोन आयसी आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग, नाव सोडलं तर आपल्या ब्रिजशी संबंध नाही).

ओहम मोजताना एक लक्षात ठेवा. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतं. आठचा स्पीकर साडेपाच ते सात दाखवतो, चारचा तीन ते साडेतीन. "सहा आलं, म्हणजे सहा ओहमचा" असं समजू नका. मोजायचं डब्याच्या मागच्या टर्मिनलवर, आतले सगळे वूफर जोडलेले असताना. पाचच्या खाली आकडा आला तर ब्रिजचा विचार सोडून द्या. ते दोन वूफर सिरीजमध्ये घेतलेत तर १६ ओहम होतात आणि ब्रिज आरामात चालतो, पण हे सुचवलं की लोकांना पॉवर कमी होईल याचंच दुःख जास्त.

गाणं वाजतं, पण गायक गायब

दुसरी लाडकी चूक. मोबाईलवरून येणारी वायर डाव्या-उजव्या इनपुटला जशी आहे तशी लावायची आणि स्पीकर दोन लाल टर्मिनलांत. सिग्नल उलटा कुणी केलेलाच नसतो. मग ऐकू काय येतं? दोन चॅनेलमधला फरक. गायकाचा आवाज, ढोलकी, बेस या गोष्टी रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक मध्यभागी असतात, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये सारख्या. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. उरतात कोपऱ्यातली व्हायोलिनं आणि गायकाच्या आवाजाचा विहिरीतून आल्यासारखा प्रतिध्वनी. लावणी लावली तर ढोलकीच नाही! लोक यावर केबल बदलतात, स्पीकर बदलतात, एकानं तर बॅलन्सचं बटण एका बाजूला फिरवून "जमलं" म्हणून सोडून दिलं. आवाज आला खरा, पण तो एकाच चॅनेलचा. दुसरा नुसता जमिनीचं (ग्राउंडचं) काम करत होता.

आणि वाय केबलनं एकच मोनो सिग्नल दोन्ही इनपुटला दिला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. "बोर्ड डेड आहे" म्हणून तो परत दुकानात जातो.

उपाय: ४५५८ या छोट्या ऑप-ॲम्प आयसीचा अर्धा भाग, एक टक्क्याचे दोन १० के (किलोओहम) रेझिस्टर, गेन उणे एक, म्हणजे सिग्नल तेवढाच पण उलटा. आधी डावा-उजवा एकत्र करून मोनो करा (दोन्ही बाजूंना एकेक १ के घालून, वायरी थेट पिळून नव्हे), मग तो एका चॅनेलला सरळ आणि दुसऱ्याला या आयसीमधून. पाच टक्क्याचे रेझिस्टर वापरले तर एक चॅनेल दुसऱ्याच्या आधी क्लिप होतो, म्हणजे त्याच्या सिग्नलचे शेंडे कापले जातात. एक टक्क्याचा रेझिस्टर काही सोन्याचा नसतो, तिथं काटकसर कशाला करायची ते कळत नाही.

७२९४ च्या जोडीत पहिलीच्या आउटपुटवरून दुसरीच्या इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा करणाऱ्या) पायाला २२ के चा रेझिस्टर येतो. तिथं काही जण "आता हा कशाला" म्हणून जमिनीकडचा ६८० ओहमचा रेझिस्टर काढून टाकतात. काढू नका. २४ डीबीपेक्षा कमी गेनवर ही आयसी स्थिर राहत नाही. ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट करते आणि आउटपुटजवळ छोटा रेझिस्टर असेल तर तो गाणं न लावताच भाजून निघतो.

काळी वायर म्हणजे अर्थ नव्हे

ब्रिजमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. एकही चासीला (ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या डब्याला), सबवूफरच्या हाय-लेव्हल इनपुटच्या ग्राउंडला किंवा हेडफोनच्या जॅकला जोडायची नाही. तिथं एक चॅनेल सरळ शॉर्ट होतो. स्पीकर सिलेक्टर स्विचमध्ये दोन्ही काळ्या बऱ्याचदा आतून एकत्र असतात, त्यातही तेच.

स्वस्तातले ३११६ या आयसीचे क्लास डी (कमी तापणाऱ्या पद्धतीचे) बोर्ड आणि ७२९७ ही आयसी आधीपासून आतून ब्रिजच आहेत. त्यांच्या दोन चॅनेलांचे "मायनस" एकत्र जोडले की खेळ संपला. त्यांना बाहेरून परत ब्रिज करता येत नाही. ३११६ ला मोनोसाठी पीबीटीएल नावाची वेगळी जोडणी आहे, बोर्डवर जंपर दिला असेल तरच तिच्या वाटेला जा.

बाकीच्या, पटापट

दोन्ही लाल टर्मिनल एकत्र पिळून त्याला "ब्रिज" म्हणणं: हा ब्रिज नाही, दोन आयसींची झुंज आहे.

७२९४, २०३० या आयसींचा पत्रा उणे सप्लायला जोडलेला असतो. अभ्रक आणि प्लास्टिकचा वॉशर न घालता हीटसिंक चासीला टेकवली की सप्लाय शॉर्ट.

४४४० या आयसीमध्ये ब्रिजची सोय आतच आहे आणि मिळतात १९ वॅट. गाडीच्या बॅटरीवर तेवढंच. ट्रान्सफॉर्मर मोठा लावून ते वाढवायला जाऊ नका.

१०० व्हीएचा (जवळपास १०० वॅट क्षमतेचा) ट्रान्सफॉर्मर ब्रिजचे ११० वॅट (एका चॅनेलच्या सत्तावीसच्या चौपट) देणार नाही. सप्लाय खचतो, हातात ७०-८० येतात. एका चॅनेलच्या सत्तावीस वॅटच्या तुलनेत ही वाढ साधारण साडेचार डीबी. ८६ डीबीच्या जागी ९० डीबी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला असता तर जवळजवळ एवढाच फरक काहीही न जाळता पडला असता.

पहिल्यांदा चालू करताना

घाई करणाऱ्यांनी निदान एवढं करावं. मेन्सच्या एका वायरीत १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी चालत नाही. स्पीकर काढलेला, इनपुट ग्राउंडला. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच पेटलेला राहिला तर ताबडतोब बंद करा आणि शॉर्ट शोधा, "बघूया जरा वेळ" नको.

मग मीटर डीसीवर ठेवून प्रत्येक लाल टर्मिनल जमिनीच्या तुलनेत मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. नंतर दोन लाल टर्मिनलांमध्ये मोजा. एक अधिक चाळीस आणि दुसरं उणे चाळीस असेल तर प्रत्येक पास, पण स्पीकरवर ऐंशी. शंभरच्या वर गेलं तर स्पीकर लावायचा नाही.

पहिला स्पीकर भंगारातला घ्या आणि त्याच्या सिरीजमध्ये १० ओहम १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर घाला. दहा मिनिटं हळू आवाज. मग बल्ब काढून खरा फ्यूज, खरा स्पीकर आणि मध्यम आवाजात अर्धा तास. अर्ध्या तासानं हीटसिंकवर बोट ठेवा. पाच सेकंद ठेवता आलं नाही तर हीटसिंक लहान आहे. टेबलफॅन शोधत बसू नका, बंद करा आणि उद्यमनगरात (इथली कारखान्यांची वसाहत) जाऊन मोठी पट्टी कापून आणा.