बालीला निघण्याआधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर: ई-सिम कसं निवडायचं

आमच्या भिशीतल्या सहाजणी गेल्या जुलैत आठ दिवस बालीला जाऊन आलो. सहाजणींच्या फोनची तयारी मी केली, नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दोन दुपारी बसून. तेव्हापासून ओळखीतलं कुणी थायलंड, श्रीलंका, मॉरिशसला निघालं की मला फोन येतो, "काकू, कुठलं ई-सिम घेऊ?" ई-सिम म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम, कोड स्कॅन केला की चालू होणारं. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फोनच्या तंत्राचं शिक्षण मी घेतलेलं नाही, पण इथे लिहिलेली प्रत्येक गोष्ट हातानं केलेली आहे.

"कुठलं घेऊ" हे नंतर पाहू. आधी सांगा, तुमचा भारतातला नंबर तिकडे जिवंत राहणार आहे का?

तीन वर्षांपूर्वी आम्ही थायलंडमधल्या क्राबीला गेलो होतो. विमानतळावर तिथलं सिम घेतलं, आपलं सिम काढून कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. चौथ्या दिवशी घरून फोन आला, सासूबाईंना दवाखान्यात दाखल केलंय, डिपॉझिट भरायचंय. नेटबँकिंग उघडलं, तर ओटीपी जाणार त्या पर्समधल्या सिमवर. कानातल्याच्या दांडीनं ट्रे उघडून सिम परत घातलं, पण आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करूनच गेले नव्हते, त्यामुळे मेसेज आला नाही. शेवटी शेजारच्या वहिनींनी पैसे भरले. सासूबाई बऱ्या झाल्या, पण ती दुपार मला अजून आठवते. आता काहीही झालं तरी आपलं सिम फोनमधून निघत नाही. ई-सिमचा खरा उपयोग हाच. नंबर आपला राहतो, इंटरनेट तेवढं दुसऱ्याचं.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या मोबाइल कंपनीला तीन गोष्टी विचारा. या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा चालू आहे का? ती चालू ठेवायला पॅक घ्यावाच लागतो का? त्या देशात येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का? उत्तर कस्टमर केअरच्या चॅटवर घ्या, म्हणजे लेखी राहतं. तिकडे गेल्यावर या नंबरवर आलेला साधा फोन उचलू नका, त्याचे पैसे लागू शकतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, बोलायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. व्हॉट्सअ‍ॅप आपल्याच नंबरवर चालू राहतं. ई-सिम घातल्यावर ते कधी "नंबर बदलायचा का" असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा.

आता फोन. डायल पॅडवर *#०६# दाबा. फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर (आयएमईआय) ई-सिमचा ३२ आकडी क्रमांक (ईआयडी) दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. आयफोनमध्ये ती २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आहे, सॅमसंगच्या वरच्या मालिकेत साधारण एस२० पासून. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेक वेळा नसते. आमच्यातल्या एकीच्या फोनमध्ये नव्हतीच. तिच्यासाठी दुसरीच्या फोनचा हॉटस्पॉट, म्हणजे दुसरीचंच इंटरनेट वायफायनं, वापरायचं ठरलं, आणि म्हणून त्या दुसरीला जास्त डेटाचा प्लॅन घेतला.

अमेरिकेतल्या मुलामुलींनी दिलेल्या फोनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नाशिकमध्ये असे फोन घरोघरी आहेत. तिकडे विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनना सिमचा ट्रेच नाही. आपला नंबरसुद्धा त्यात ई-सिम करूनच घालावा लागतो. त्याची अडचण नाही, आयफोन १३ पासून पुढे दोन ई-सिम एकाच वेळी चालतात. अडचण येते ती फोन तिथल्या कंपनीला बांधलेला असला तर. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे कॅरिअर लॉकपुढे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" लिहिलेलं पाहा. आमच्या एका मैत्रिणीच्या फोनवर ते नव्हतं. लेकीला तिकडून कंपनीशी बोलून कुलूप काढून घ्यावं लागलं, पाच दिवस गेले. आदल्या रात्री हे कळलं असतं तर काहीच करता आलं नसतं.

आता निवड. सगळे जीबी आणि किंमत बघतात. मी आधी बघते टॉवर कुणाचा. ई-सिम विकणाऱ्या कंपनीचे स्वतःचे टॉवर बहुधा नसतात, ती तिथल्या एखाद्या नेटवर्कवर आपल्याला पाहुणी म्हणून सोडते. प्लॅनच्या तपशिलात ते नाव लिहिलेलं असतं. इंडोनेशियात टेल्कोमसेल, इंडोसॅट, एक्सएल. थायलंडमध्ये एआयएस आणि ट्रू. श्रीलंकेत डायलॉग आणि एसएलटी-मोबिटेल. मालदीवमध्ये धिरागू आणि ऊरेडू. नाव लिहिलेलं नसेल, तर तो प्लॅन मी घेत नाही. दोन नेटवर्क लिहिलेली असतील तर उत्तम, एकाची रेंज गेली की फोन दुसरं पकडतो.

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर याला फार महत्त्व आहे. हॉटेलच्या गल्लीत कुठलंही सिम चालतं. कसोटी लागते ती डोंगरउतारावरच्या भातखाचरांत, होडीत आणि लहान बेटांवर. म्हणून आम्ही सगळ्यांनी एकच ई-सिम घेतलं नाही. तिघींनी एका नेटवर्कचं घेतलं, दोघींनी दुसऱ्याचं. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावर केलिंगकिंगच्या कड्यावर उभ्या होतो तेव्हा तिघींच्या फोनवर रेंज नव्हती, दोघींच्या फोनवर होती. गाडीवाल्याला बोलवायला तेवढं पुरलं. चारपाच जण मिळून जात असाल तर नेटवर्क वाटून घ्या, याचा जादा पैसा लागत नाही.

किती जीबी? याचं उत्तर तुमच्याच फोनमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये गेल्या महिन्यात मोबाइल डेटा किती गेला ते पाहा, तीसनं भागा, दिवसांनी गुणा. घरी वायफाय असतं म्हणून हा आकडा कमी दिसतो, पण सहलीतही रात्री हॉटेलचं वायफाय असतंच. मी आठ दिवसांसाठी १० जीबी घेतलं, सात वापरलं. त्यातलं निम्मं तरी बालीसाठी गेलंच नाही. आम्ही तिकडे असताना गोदेला पूर आला, आणि ज्यावरून नाशिककर पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी, मग छातीपर्यंत पाणी, असे व्हिडिओ घरून दर तासाला येत होते. आम्हीही व्हिडिओ कॉल लावून रामकुंड बघत होतो. पावसाळ्यात नाशिक सोडून जाणाऱ्यांनी हे धरूनच चालावं. बाकी व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड, फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट हे तिन्ही मोबाइल डेटावर बंद करून जा, आणि गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या.

"अनलिमिटेड" शब्दापाशी थांबा आणि खालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी रोजची एक मर्यादा असते, ती संपली की वेग इतका उतरतो की नकाशासुद्धा उघडायला वेळ लागतो. हॉटस्पॉट चालतो का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. काही अनलिमिटेड प्लॅनमध्ये तो बंद किंवा मोजकाच असतो. आम्हाला हॉटस्पॉट हवाच होता, म्हणून मी ठरावीक जीबीचा प्लॅन घेतला. मुदत कधी सुरू होते, तेही पाहा. काही प्लॅनची मुदत ई-सिम फोनमध्ये घातल्या क्षणी धावू लागते, बऱ्याच प्लॅनची तिकडचं नेटवर्क पकडल्यावर. पहिल्या प्रकारचं घरून आठवडाभर आधी घातलंत तर सात दिवसांचा प्लॅन विमानात बसायच्या आधीच संपेल.

कुणाकडून घ्यायचं? परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. याच कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही ई-सिम विकणारी अ‍ॅप्स भारतातल्या अ‍ॅप स्टोअरवरून आणि प्ले स्टोअरवरून काढली गेली. त्यामुळे परवानगी आहे का हे मी विक्रेत्याला सरळ विचारते. आमच्या विक्रेत्यानं पासपोर्टची प्रत मागितली आणि रुपयांत पक्कं बिल दिलं. आपल्याच मोबाइल कंपनीचा रोमिंग पॅकही ताडून पाहा. तीनचार दिवसांचीच सहल असेल, घरून सतत साधे फोन येत असतील, तर तोच सोयीचा पडतो. मोठ्या सहलीला डेटाचं ई-सिम परवडतं.

ई-सिम घालायचं ते घरीच, चांगल्या वायफायवर. मुंबईच्या वाटेवर करू म्हणाल, तर कसाऱ्याच्या बोगद्यांत इंटरनेट तुटेल आणि काम अर्धवट लटकेल. क्यूआर कोड ज्या फोनवर आला त्याच फोननं स्कॅन करणं अवघड जातं, म्हणून तो दुसऱ्या फोनवर दाखवा किंवा कागदावर छापून घ्या. एक कोड बहुधा एकदाच चालतो, जो आधी स्कॅन करेल त्याचा. आमच्या एकीनं पाचही कोड ग्रुपवर टाकले आणि दोघींनी एकच स्कॅन केला. दुसरीला एरर आली, विक्रेत्याशी बोलून निस्तरावं लागलं. कोड ज्याचा त्याला वेगळा पाठवा. फोनमध्ये आलेल्या नव्या लाइनला "बाली" असं नाव द्या आणि निघेपर्यंत ती लाइन बंद ठेवा.

गोजेक, ग्रॅबसारखी गाडी बोलवायची अ‍ॅप्सही घरीच उघडा, नोंदणीचा ओटीपी भारतातच घेऊन टाका. बालीला १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी प्रवाशांना दीड लाख रुपियाचा (आपले रुपये नव्हेत, इंडोनेशियाचं चलन) पर्यटन कर आहे. तो आधी ऑनलाइन भरता येतो, त्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. विमानातून उतरल्या उतरल्या इंटरनेट लागेल अशी एकही गोष्ट शिल्लक ठेवू नका.

तिकडे उतरल्यावरची एक पायरी सगळ्यांची चुकते, म्हणून सावकाश वाचा. "बाली" लाइन चालू करा. मोबाइल डेटासाठी तीच निवडा. मग तिच्यावर डेटा रोमिंग चालू करा. होय, चालू. रोमिंगला हात लावू नका, बिल येईल, हे आपण इतकी वर्षं ऐकलंय की हात थरथरतो. पण हे ई-सिम त्या देशातही पाहुणंच आहे, त्याला रोमिंगशिवाय इंटरनेट मिळत नाही, आणि पैसे आधीच भरलेले असल्यामुळे बिल यायचा प्रश्न नाही. डेटा रोमिंग बंद हवं ते भारतातल्या लाइनवर. आयफोनवर "अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग" हेही बंद करा, नाहीतर रेंज गेली की फोन गुपचूप भारतातल्या सिमवरून डेटा ओढू पाहतो. एवढं करून इंटरनेट आलं नाही, तर फोन एकदा बंद करून चालू करा. तरीही नाही आलं, तर विक्रेत्यानं दिलेलं एपीएन (फोनला इंटरनेटशी जोडणारं नाव) सेटिंगमध्ये भरा.

इंटरनेट आलं आणि गूगलनं तुम्हाला सिंगापूर किंवा हाँगकाँगमध्ये दाखवलं, तर घाबरू नका. अशा ई-सिमचा डेटा बऱ्याचदा तिसऱ्या देशातून फिरून येतो. त्यामुळे वेग थोडा कमी वाटतो, एखादं बँकेचं अ‍ॅप जादा प्रश्न विचारतं, मराठी मालिका दाखवणारं अ‍ॅप कदाचित उघडणार नाही.

किनाऱ्यावर फोन उन्हात ठेवून हॉटस्पॉट चालवू नका. आयफोनसाठी सांगितलेलं तापमान ३५ अंशांपर्यंत आहे आणि दुपारच्या वाळूवर फोन त्याच्या वर सहज जातो. मग तो आपणच कामं मंदावतो. ओल्या टॉवेलात गुंडाळण्यापेक्षा सावलीतल्या पिशवीत ठेवा.

बालीला मार्चमध्ये जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी शिकवताना मला फार आवडली असती. तिथलं शक नववर्ष आपल्या शालिवाहन शकाच्याच गणनेचं. २०२६ मध्ये त्यांचा न्येपी आणि आपला गुढीपाडवा दोन्ही १९ मार्चला आले. पण न्येपी मौनाचा दिवस. रस्त्यावर कुणी नाही, विमानतळ बंद, आणि २०१८ पासून त्या दिवशी मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. तेव्हा कुठलंही ई-सिम चालत नाही. तारीख पाहूनच तिकीट काढा आणि पाडव्याला घरी व्हिडिओ कॉल लावायचं आदल्या दिवशीच उरकून घ्या.

परत येताना "बाली" लाइन नुसती बंद करा, लगेच पुसू नका. एकदा पुसलेलं ई-सिम त्याच कोडनं बहुधा परत येत नाही, आणि वाटेत विमान चुकलं तर तेच लागेल. मुंबईला उतरल्यावर डेटा भारतातल्या लाइनवर आणा. मी माझं घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी पुसलं, सगळ्याजणी घरी पोचल्याची खात्री झाल्यावर.