गृहकर्ज एकरकमी फेडताय? पेढे वाटण्याआधी एवढं करा

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. त्यामुळे कुणाच्या हाती ग्रॅच्युइटी पडली की प्रश्न ठरलेला: "ताई, उरलेलं कर्ज फेडून टाकू का? पण टॅक्सची सवलत जाईल ना!"

आधी सवलतीचं भूत उतरवू. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वजावट मुळातच नाही, मग जाणार काय? जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं. समजा, १२ लाख शिल्लक आहेत, दर साडेआठ टक्के. वर्षाचं व्याज झालं लाखभर. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट २०,८०० रुपये कर वाचतो, म्हणजे कर्ज पावणेसात टक्क्यांना पडलं. तेच पैसे सात टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर कर जाऊन हाती साडेपाच. फेडलेलंच बरं.

खरा तोटा वेगळाच. पैसा एकदा घरात गेला की अडीअडचणीला निघत नाही. स्वयंपाकघर विकून दवाखान्याचं बिल भागत नाही. गृहकर्जाइतकं स्वस्त कर्ज सहसा दुसरं मिळत नाही आणि निवृत्तीनंतर नवं कर्ज मिळताना वय आडवं येतं. पर्सनल लोनचा दर तर विचारूच नका. म्हणून वर्षभराचा घरखर्च आणि आजारपणाची रक्कम बाजूला काढा, उरेल तेवढंच भरा. सगळं फिटत नसेल तर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला सांगा; व्याज त्यातच जास्त वाचतं. लेखी अर्ज द्या, तोंडी नको.

पीएफ मात्र यासाठी काढू नका. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, तेही नोकरीत असेपर्यंत बहुतेकांना करमुक्त. जवळपास तेवढ्याच दराचं कर्ज फेडायला तो मोडण्यात काय हशील?

ठरलंच असेल तर शाखेतून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला एकूण किती भरायचे याचं पत्र, घ्या. त्यातली रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच लागू असते, पुढे रोजचं व्याज चढतं. वैयक्तिक फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. दर फिक्स्ड असेल तर करारपत्र काढून वाचा. बँकेकडे कोणते मूळ कागद आहेत याची यादी पैसे भरण्याआधीच मागा: खरेदीखत, नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत करायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

कागद मिळाले म्हणजे काम संपलं नाही. नो ड्यूज, म्हणजे बाकी काही नसल्याचा बँकेचा दाखला, घ्या; त्याची प्रत सोसायटीत देऊन तिथली बँकेची नोंद काढून घ्या. प्लॉट किंवा रो-हाऊस असेल आणि सातबाऱ्यावर बोजा (कर्जाची नोंद) चढलेला असेल, तर बँकेचं पत्र जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. हे करायचं राहून जातं, आणि मग घर विकताना गिऱ्हाइकाचा वकील बोट ठेवतो. सेरसाई (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) मधली नोंद बँकेने काढायची असते, पण विचारा. दोनेक महिन्यांनी सिबिल बघा: खातं 'क्लोज्ड' दिसायला हवं, 'सेटल्ड' (म्हणजे तडजोडीने कमी पैशांत मिटवलेलं) नव्हे.

कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात मारला असेल, तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात का ते विमा कंपनीला अर्ज करून विचारा. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल तर तो चालू ठेवता येतो का, हेही त्याच अर्जात विचारून घ्या.