युरोपियमच्या एका सोर्समध्ये दोन केंद्रकांचे आकार

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला युरोपियम-152 हा किरणोत्सारी सोर्स आपण कॅलिब्रेशनपुरता (डिटेक्टरची ऊर्जेची मोजपट्टी लावण्यापुरता) काढतो आणि परत शिशाच्या डब्यात ठेवून देतो. मला याची फार हळहळ वाटते. म्हणून दर बॅचकडून मी हा प्रयोग करून घेतेच.

कॅलिब्रेशन सीझियम-137 आणि कोबाल्ट-60 वर करा (त्यांच्या गॅमा किरणांच्या ऊर्जा 662, 1173, 1332 केईव्ही, म्हणजे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट). युरोपियमच्याच रेषा (आलेखात ठरावीक ऊर्जेला दिसणारी शिखरं) आधी गृहीत धरल्या तर मोजायचं काय उरलं? डिटेक्टर जर्मेनियमचा हवा. सोडियम आयोडाइडवर 411 ची बारीक रेषा नीट सुटी दिसत नाही. सोर्स चिमट्यानं उचला आणि डिटेक्टरपासून वीतभर तरी लांब ठेवा. चिकटवलात तर पाठोपाठ निघणारे दोन गॅमा एकदम नोंदले जातात आणि नसलेली रेषा उगवते. मोजणी रात्रभर चालू द्या.

सकाळी चार रेषा शोधा: 121.8, 244.7, 344.3, 411.1. पहिल्या दोन समॅरियम-152 च्या, पुढच्या दोन गॅडोलिनियम-152 च्या. युरोपियमचा क्षय दोन्हीकडे होतो. जोडीतली पहिली रेषा म्हणजे केंद्रकाच्या स्पिन 2 च्या पातळीची ऊर्जा (स्पिन म्हणजे कोनीय संवेगाचा आकडा). तिच्यात दुसरी मिळवली की स्पिन 4 ची पातळी मिळते. आता भागाकार करा.

समॅरियम: 366.5 ÷ 121.8 = 3.01
गॅडोलिनियम: 755.4 ÷ 344.3 = 2.19

लांबट केंद्रक गरगरतं. त्याच्या पातळ्या 2×3, 4×5 अशा प्रमाणात चढतात, म्हणून गुणोत्तर 20 ÷ 6, म्हणजे 3.33. गोल केंद्रक फिरवलं काय, न फिरवलं काय, क्वांटम नियमांत दोन्ही एकच. ते फक्त थरथरतं, आणि आदर्श थरथरीचं गुणोत्तर 2. म्हणजे समॅरियम लिंबासारखा लांबट, गॅडोलिनियम गोलाच्या जवळचा. वस्तुमानांक दोघांचा 152 च! पण समॅरियममध्ये न्यूट्रॉन 90, गॅडोलिनियममध्ये 88. या दोन न्यूट्रॉनांच्या अंतरात आकार पालटतो. इथे मी मुलांना वही मिटून थोडा वेळ नुसतं बघायला सांगते.

हाच भागाकार युरेनियम-238 ला लावा: 148.4 ÷ 44.9, म्हणजे 3.30, अगदी पक्का लांबट. शिसं-208 ला मात्र लावू नका. त्याची 82 प्रोटॉनांची आणि 126 न्यूट्रॉनांची कवचं पूर्ण भरलेली. पहिली पातळीच 2614 वर, आणि तीही स्पिन 3 ची.

लिंबासारखा लांबट की पेढ्यासारखा चपटा, हे या गुणोत्तरातून कळत नाही. त्यासाठी चतुर्ध्रुवी आघूर्ण (केंद्रकातला विद्युतभार गोलापासून किती आणि कोणत्या बाजूला ढळलाय याचं माप) मोजावं लागतं. समॅरियम-152 चं लिंबाच्या बाजूनं कौल देतं.