चिखलात गाडी उचलायची तर जॅक कोणता घ्यावा आणि तो आपल्या गाडीजोगा कसा करून घ्यावा

मुळशीकडच्या एका पावसाळी वाटेवर, भाताच्या खाचराला लागून, माझं मागचं टायर दगडाने फाडलं. गाडीसोबत आलेला सिझर जॅक (स्क्रू फिरवला की कात्रीसारखा उघडणारा) काढला, लावला, हँडल फिरवायला लागलो. गाडी वर येईना, जॅकच खाली जायला लागला. अर्ध्या तासाने तो चिखलात पुरता गडप झाला आणि तो उपसून काढायला फावडं मागायची वेळ आली. शेवटी शेजारच्या गोठ्यातून एका काकांनी जाड फळी आणून दिली. फळी आल्यावर काम दहा मिनिटांचं होतं.

त्या दिवशी घरी येताना डोक्यात एकच होतं, मोठा जॅक घ्यायचा. चूक तिथेच होती. जॅक किती टनी आहे हे दुकानदार सांगतो. त्याच्या खाली काय टेकणार आणि वर गाडीला तो कुठे भिडणार, हे मात्र आपलं आपणच ठरवावं लागतं, आणि आडवाटेवर जॅक दगा देतो तो याच दोन जागी.

आधी मोजपट्टी, मग पाकीट

टनांचा हिशोब झटकन उरकतो. जिम्नी साधारण १२०० किलोची, नवी थार पावणेदोन टनांच्या आसपास. एका वेळी उचलायचा असतो एक कोपरा, म्हणजे गाडीच्या वजनाचा पाव हिस्सा. सामान आणि उतार धरला तर थोडा जास्त. २ टनी जॅक पुरतो, ३ टनी घेतला तर निवांत. १० टनी जॅक घेणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, ट्रक घेताय का?

खरा प्रश्न उंचीचा आहे. घरासमोर सपाट जागेत गाडी उभी करा, गिअरमध्ये टाका, पुढच्या चाकांना दगड लावा आणि एका मागच्या टायरची हवा पूर्ण सोडा. (जवळ हवा भरायचा छोटा पंप असू द्या, नाहीतर हा अभ्यास महागात पडेल.) आता अ‍ॅक्सलच्या नळीच्या, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी नळीच्या, तळापासून जमिनीपर्यंत माप घ्या. हे झालं तुमच्या जॅकचं सर्वांत कमी माप. जॅक पूर्ण बसलेला असताना याहून बुटका हवा, नाहीतर तो आत शिरणारच नाही.

जिम्नीचं उदाहरण घेऊ. टायर १९५/८० आर १५, म्हणजे टायरची बाजू १५६ मिलिमीटर उंच. हवा गेली की ती बाजू दबते आणि अ‍ॅक्सल १०-१२ सेंटिमीटरने खाली येतो. पत्रकातला २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स तेव्हा तुमच्या कामाचा राहत नाही. साधा बॉटल जॅक (तेलाच्या दाबावर चढणारा, बाटलीसारखा उभा) बसलेल्या अवस्थेतच १८-२० सेंटिमीटर उंच असतो. दुकानात तो पाहताना हे लक्षात येत नाही. रस्त्यात, पंक्चर टायरशेजारी उकिडवं बसल्यावर येतं.

टायरमध्ये हवा भरून तेच माप पुन्हा घ्या आणि त्यात ४-५ सेंटिमीटर मिळवा. जॅकने कमीत कमी एवढं तरी उचलायला हवं, कारण नवं टायर फुगलेलं असतं आणि ते चढवायला जागा लागते. तिसरं माप गॅरेजमध्ये घ्या. चासी उचलत गेलं तर चाक जमीन कधी सोडतं ते बघा. स्प्रिंगा आधी लोंबतात, चाक नंतर उचललं जातं, त्यामुळे हे माप भलतंच मोठं निघतं. लिफ्ट किट बसवून उंच केलेल्या गाड्यांना कंपनीचा जॅक का पुरत नाही, तेही इथेच समजेल.

तिन्ही मापं कागदावर लिहा आणि कागद घेऊनच दुकानात जा.

कुठला जॅक

सिझर जॅक बुटका असतो, सगळ्यात खाली शिरतो, तेल गळायची भीती नाही. पण तळ अरुंद, हात मोडेपर्यंत फिरवावं लागतं आणि बाजूला ढकललं की तो कलंडतो. टाकून देऊ नका, दुसरा जॅक म्हणून ठेवा. सपाट टायरखाली बॉटल जॅक जात नसेल, तर सिझरने थोडं उचलायचं, खाली फळ्यांची चळत घालून भार तिच्यावर द्यायचा आणि मग बॉटल जॅक घालायचा.

बॉटल जॅक मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. जोर लागत नाही आणि हळूहळू चढतो. दोन टप्प्यांचा, म्हणजे दांड्यातून दुसरा दांडा निघणारा मिळाला तर तोच घ्या. तो बसलेला बुटका असतो आणि उचलतो जास्त. अट एवढीच की तो उभा हवा. आडवा केला की पंपात तेलाऐवजी हवा जाते आणि नुसताच हँडल हलवत बसावं लागतं. तेल कमी झालं तर जॅकचंच हायड्रॉलिक तेल घाला. ब्रेक ऑइल घातलं तर आतले रबरी सील फुगून वाया जातात.

मग उरतो तो उंच, भोकाभोकांचा, जीपच्या पाठीवर दिमाखात मिरवणारा हाय-लिफ्ट. मूळचा अमेरिकेतला शेतावरचा जॅक. इंडियानातल्या ब्लूमफील्ड गावची हाय-लिफ्ट कंपनी १९०५ पासून तो बनवते, आणि कुंपणाचे खांब उपटण्यासारख्या कामांना तिथले शेतकरी तो वापरत आले. ४८ इंची जॅकचं वजन १३-१४ किलो. तो गाडी छातीएवढी उचलू शकतो, आणि धोका त्यातच आहे. तो बंपरला किंवा दारांखाली बसवलेल्या लोखंडी नळीला, म्हणजे स्लायडरलाच लागतो. आजच्या गाड्यांच्या प्लॅस्टिक बंपरला लावला तर बंपर हातात येईल. बाजारातून आणलेला जड बंपर चासीला बोल्टने पक्का बांधलेला नसेल, तर हाय-लिफ्ट घेऊच नका. फोटोत चांगला दिसतो म्हणून घेतलेले कितीतरी हाय-लिफ्ट गंजून उभे आहेत.

एक्झॉस्टच्या धुराने फुगणारी पिशवी मऊ वाळूत आणि पातळ गाळात कामाची आहे, कारण तिचा तळच मोठा असतो. टोकदार दगड, करवंदीच्या जाळीचे बुंधे आणि तापलेला सायलेन्सर यांच्यापासून मात्र तिला जपावं लागतं. सह्याद्रीत दगड जास्त, म्हणून मी ती घेतली नाही.

खालची बाजू: फळी

थारचा मागचा एक कोपरा ४५० किलो धरा. बॉटल जॅकचा तळ १० बाय १० सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलो. तोच भार ३० बाय ३० च्या फळीवर पसरला की अर्धा किलो होतो, म्हणजे पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेतलेल्या हमालाच्या पावलाखाली पडतो साधारण तेवढा. खाचराशेजारची ओली माती हा भार निदान पंधरा मिनिटं तरी पेलते.

फळी घरी करता येते. १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायचे ३० सेंटिमीटरचे दोन चौकोन घ्या. वरच्या थरांचे रेषे एकमेकांना काटकोनात ठेवून फेविकॉल लावा आणि खालून स्क्रू मारा. मध्यभागी ३ मिलिमीटरचा पत्रा बसवा, म्हणजे जॅकचा तळ लाकडात रुतणार नाही. आता जॅक पत्र्यावर ठेवून त्याच्या चारही बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोका. जॅक त्या चौकटीत बसला की ओल्या फळीवरून सरकत नाही. चौकट थोडी सैल ठेवा, चिखल लागलेला जॅकही त्यात बसला पाहिजे. कोपऱ्याला भोक पाडून दोरी बांधा, गाळात गेलेली फळी हाताने निघत नाही. वॉर्निशचे दोन हात दिले की पाच-सहा पावसाळे बघायला नको.

उंची वाढवायला विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा जांभ्याचा चिरा वापरू नका. हे पदार्थ कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. लाकूड आधी आवाज करतं. लाकडाचे तुकडे आडवे आणि एकाआड एक थर काटकोनात रचा. रचलेल्या चळतीची उंची तिच्या रुंदीपेक्षा जास्त झाली तर रचणं थांबवा.

वरची बाजू: खोबण

बॉटल जॅकचं डोकं रुपयाच्या नाण्याहून थोडंसंच मोठं, सपाट. त्यावर गोल अ‍ॅक्सल ठेवायचा म्हणजे पाटावर नारळ ठेवण्यासारखं. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून खोबण करून घ्यायची. अ‍ॅक्सलच्या नळीचा व्यास मोजा. त्याहून जरा मोठ्या पाइपचा ८ सेंटिमीटर लांबीचा तुकडा उभा चिरून अर्धा घ्या, ६ मिलिमीटरच्या प्लेटवर त्याची पन्हाळ वेल्ड करा आणि प्लेटच्या खाली जॅकच्या डोक्यावर बसेल असं नळकांडं लावा. आत जुन्या टायरचा रबर चिकटवला तर ओला अ‍ॅक्सल घसरत नाही.

वेल्डिंग खोबणीवर, जॅकवर नाही. गॅरेजवाला म्हणेल, “साहेब, डोक्यालाच मारून टाकतो, कायमचं.” नको म्हणा. उष्णतेने आतले सील जातात, आणि हे तुम्हाला कळेल ते गाडी हवेत असताना.

खोबण लावायची जागा म्हणजे अ‍ॅक्सलची नळी, चाकाच्या शक्य तितकी जवळ, ब्रेकची नळी चेपणार नाही अशी. मधल्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखाली लावला तर गाडी डोलते. जिप्सी आणि जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहेत, त्यांचं सोपं. थारला पुढे तसा अ‍ॅक्सल नाही, तिथे गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेलीच जागा धरा. चाकाला धरणाऱ्या तिरक्या आर्मवर पन्हाळ घसरते.

हाय-लिफ्टवाल्यांसाठी एक युक्ती. बंपरने गाडी उचलली की स्प्रिंग लोंबते आणि चाक खालीच राहतं, म्हणून माणसं आणखी उचलत जातात. त्याऐवजी उचलण्याआधी अ‍ॅक्सल आणि चासी रॅचेटच्या पट्ट्याने आवळून बांधा. चाक गाडीसोबतच वर येतं आणि निम्म्या उंचीत काम होतं. थेट चाकाच्या डिस्कमध्ये अडकवायचे हूकही मिळतात. त्याने रुतलेलं चाक उचलून खाली दगड भरता येतात, पण टायर बदलायला त्याचा उपयोग नाही.

प्रत्यक्ष उचलताना

गाडी शक्य तेवढी सपाटीला आणा, रिम खराब झाली तरी चालेल. फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या हळू गिअरमध्ये) टाका, पहिला गिअर, हँडब्रेक. फोर-व्हीलचा आग्रह का, तर साध्या डिफरन्शियलमध्ये एक मागचं चाक हवेत गेलं की ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक मोकळं होतं. विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, मागे असतो. तिथे नुसत्या हँडब्रेकवर विसंबलात तर जॅकवरची गाडी चालायला लागते. म्हणून तिन्ही चाकांना दगडही लावा, उताराच्या बाजूने आधी.

चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. वरचा चिखल बाजूला करून फळी घट्ट जमिनीवर दाबून बसवा. ४-५ सेंटिमीटर उचला आणि थांबा. फळी एका बाजूने दबतेय का, जॅक उभाच आहे का, ते बघा. वाकला असेल तर खाली घेऊन पुन्हा लावा. चाक सुटलं की स्टेपनी चासीखाली सरकवा. जॅक गेला तर गाडी तिच्यावर पडेल. एवढं करूनही खाली डोकं घालायचं नाही.

हाय-लिफ्टचं हँडल भाराखाली असताना हातातून सुटलं तर स्प्रिंगसारखं वर उडतं. हनुवटी त्याच्या वाटेत कधीच नको. उतरवताना हे जास्त होतं. हँडल पूर्ण उभं आणल्याशिवाय उलटा खटका दाबू नका, आणि प्रत्येक वेळी ते शेवटपर्यंत न्या. आतल्या पिनांमध्ये चिखल गेला तर त्या अडकतात, म्हणून जॅकचं तोंड जुन्या ट्यूबच्या तुकड्याने झाकून ठेवा आणि वापराआधी ब्रश मारून पातळ तेल सोडा.

नवा जॅक, फळी आणि खोबण एकदा अंगणात, पावसात, अंधारात लावून बघा. टॉमी कुठल्या पिशवीत आहे, रिलीज वॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो, हे तेव्हाच कळतं. बॉटल जॅक ठेवताना दांडा पूर्ण खाली आणि वॉल्व्ह बंद. आणि जॅक डिकीत सामानाच्या तळाशी ठेवू नका. तो दाराजवळ, बोल्टने किंवा पट्ट्याने बांधलेला हवा. गाडी कलंडलेली असेल तेव्हा डिकीचं दार उघडेलच असं नाही, आणि सुटा १४ किलोचा जॅक त्याआधीच पुढच्या सीटपर्यंत आलेला असतो.