पहिल्यांदा स्नॉर्कलिंगला निघालात? नाशिककरांनो, या चुका टाळा

द्राक्षांचा हंगाम आटोपला की निफाड-दिंडोरीकडे आणि परीक्षा संपल्या की शहरात, सहलीचे बेत सुरू होतात. मालवण-तारकर्ली तर ठरलेलंच, हल्ली अंदमानही बरेच जण गाठतात. पॅकेजमध्ये स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं जग बघणं, धरलेलं असतंच. निघण्याआधी घरात चर्चा होते ती शार्कची, नाहीतर जेलीफिशची. पण नवख्या माणसाची फजिती होते ती पहिल्या दोन मिनिटांत, छातीभर पाण्यात, आणि तिचं कारण बहुतेक वेळा श्वास हेच असतं.

गोदावरीत उड्या मारत मोठे झालेलेही याला अपवाद नाहीत. पोहताना आपण डोकं वर काढून किंवा मान वळवून श्वास घेतो. इथे तोंड सतत पाण्यात, नाक बंद आणि हवा फक्त नळीतून. शरीराला याची सवय नसते, म्हणून ते घाबरतं. मग श्वास भराभर आणि उथळ होतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

भराभर श्वास का घ्यायचा नाही

साधी नळी साधारण ४० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असते. तिच्यात सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास हवा मावते. आपल्या नाक-घशापासून श्वासनलिकेपर्यंत आणखी दीडशे मिलिलिटर. म्हणजे सोडलेल्या श्वासातली पावणेतीनशे मिलिलिटर शिळी हवा पुढच्या श्वासाबरोबर परत आत येते. शांत श्वास अर्ध्या लिटरचा असतो, त्यात जवळजवळ निम्मी ताजी हवा मिळते. घाबरून तीनशे मिलिलिटरचे छोटे श्वास घेतले, तर ताजी हवा जवळजवळ शून्य. दम लागतो म्हणून माणूस आणखी भराभर श्वास घेतो, आणि दम आणखी वाढतो.

उपाय एकच: श्वास सोडण्यावर लक्ष द्या. मनात चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. हे जमेना झालं की पाठीवर वळा, नळी तोंडातून काढा, आकाशाकडे बघत विसावा घ्या. त्यात कमीपणा नाही. मुद्दाम आठ-दहा खोल श्वास भराभर घेऊन बुडी मारण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यायची हाकच येत नाही, आणि माणूस पाण्याखाली शुद्ध हरपतो.

नळी विकत किंवा भाड्याने घेताना कोरडी असतानाच तोंडात धरून पटकन खोल श्वास ओढून बघा. जोर लावावा लागला तर ती बाजूला ठेवा. झडपांची गर्दी आणि अरुंद तोंड असलेल्या नळ्या दिसायला भारी, पण दमवणाऱ्या असतात. हवाई बेटांवरच्या स्नॉर्कलिंग मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा, पाणी न गिळताही फुप्फुसात द्रव साचणं हे अनेक घटनांमागचं संभाव्य कारण म्हणून पुढे आलं. नळीतून जोराने हवा ओढावी लागणं आणि त्यात हातपाय मारण्याचे श्रम, हे त्यातले महत्त्वाचे घटक. म्हणूनच पाणी गिळलेलं नसताना अचानक दम लागला, हातपाय गळाले, तर ‘होईल ठीक’ म्हणून थांबायचं नाही. पोहणं थांबवा, डोकं वर काढा, गाईडला बोलवा, बाहेर येऊन ताठ बसा.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क नवख्यांना सोपा वाटतो, कारण त्यात नाकाने श्वास घेता येतो. पण सोडलेली हवा आत कोंडली तर कळत नाही, आत पाणी शिरलं तर तोंडातून नळी काढावी तसा तो चटकन निघत नाही, आणि कान मोकळे करायला नाकही धरता येत नाही. पहिल्या वेळी तरी मास्क वेगळा आणि नळी वेगळी असा साधा संच बरा.

मास्क गळतो, दोष बऱ्याचदा मिशीचा असतो

पट्टा डोक्यावर न चढवता मास्क नुसता चेहऱ्याला लावा आणि नाकाने हलकेच हवा ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा मागा. दहा जणांना एकाच मापाचे मास्क वाटणारे असतात, त्यांच्याकडे अडून बसायला लाजू नका.

मास्क गळायला लागला की पट्टा आवळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. जास्त आवळल्याने सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते, वर कपाळ दुखतं ते वेगळंच. आधी कडेखाली अडकलेले केस काढा. भरघोस मिशी असेल तर नाकाखाली बोटभर पट्टा साफ करा, किंवा तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. ते नसलं तर थोडं व्हॅसलीन चालतं, फक्त सिलिकॉनची कड त्याने कालांतराने खराब होते.

नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे ती धुरकटते. घरीच साधी पांढरी टूथपेस्ट आतून चोळून दोन-तीनदा धुवा. पाण्यात उतरताना बेबी शॅम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून आत फिरवा आणि विसळा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधीच शोधा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरू नका, त्यामागे जीवजंतू अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

सराव समुद्रावर नको, नाशिकमध्येच करा

निघण्याच्या आधी चार-पाच वेळा तलावावर जा. त्र्यंबक रोडवरचा महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव असो किंवा घराजवळचा दुसरा, जीवरक्षक हजर असलेला कुठलाही चालेल. मास्क-नळी वापरायची परवानगी आधी विचारून घ्या. गंगापूर धरणाच्या पाण्यात हा प्रयोग नको: तळ दिसत नाही, गाळ आणि झाडोरा पायात येतो, आणि हाकेच्या अंतरावर कोणी नसतं.

पहिला धडा मास्कशिवाय. कडेला धरून उभे राहा, फक्त नळी तोंडात घ्या, नाक पाण्यात बुडवा आणि तोंडाने श्वास घ्या. नाकात गार पाणी जाताच श्वास अडतो, ही प्रतिक्रिया मोडणं हेच खरं काम. दोन मिनिटं शांतपणे जमलं की पुढे. नळीची रबरी कड ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये बसवा, दातांनी आवळू नका, नाहीतर अर्ध्या तासात जबडा दुखून येतो.

दुसरा धडा: नळीत मुद्दाम पाणी भरू द्या आणि ‘तू’ म्हटल्यासारखा एकच जोरदार फुंकरीचा झटका द्या. पुढचा श्वास हळू आणि जपून घ्या, कारण थोडं पाणी उरलेलं असतं. तिसरा: मास्कमध्ये थोडं पाणी घ्या, मान वर करा, वरची कड बोटांनी दाबून नाकाने हवा सोडा, पाणी खालच्या कडेने निघून जाईल. हे तीनही डोळे मिटून करता आले की तुम्ही बोटीतून उतरायला तयार आहात. मुलांचीही कसोटी हीच, वय नव्हे.

तब्येतीचा हिशेब

नाश्त्याचं आधी. मिसळ नाशिककरांच्या जिवाभावाची, मान्य. पण तर्री पोटात आणि बोट लाटेवर, हे गणित बसत नाही. उपाशीही जाऊ नका. दोन तास आधी इडली, उपमा किंवा केळी असं हलकं काहीतरी. आदल्या रात्रीची वाइन किंवा बिअर शरीरातलं पाणी कमी करते, आणि पाण्यात उतरण्याआधीचा ‘एक पेग’ तर नकोच. बोट लागते म्हणून अव्होमिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिने गुंगी येते. झोपाळलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारा आणि सहलीपूर्वी घरी एकदा घेऊन अंगाला कशी लागते ते बघा.

पहाटेच्या विमानासाठी रात्री कसारा घाट उतरायचा, न झोपता अंदमानच्या श्रीविजयपुरमला (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) पोचायचं आणि त्याच दुपारी पाण्यात, असे कार्यक्रम टूरवाले सहज आखतात. एक रात्र झोप काढूनच उतरा.

रक्तदाब, हृदयविकार, दमा, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कानाच्या पडद्याला भोक, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांशी बोलणं आवश्यक. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः दोन जिने चढून दम लागत असेल तर, आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची रक्तातली साखर पाण्यात असताना कमी होऊ शकते. पाण्यात जाण्याआधी ती मोजा, आणि गाईडच्या खिशात ग्लुकोज ठेवायला द्या.

कालनिर्णय उघडा आणि भरती बघा

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं, मालवणला भरती थोडी आधी येते. अंदमानात हे गणित वापरू नका, तिथे स्थानिक वेळापत्रकच बघा.

याचा उपयोग काय? अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणून ओढही जास्त आणि गाळही जास्त. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतं, पाणी त्यामानाने शांत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगसाठी भांगाचे दिवस आणि भरती पुरी होत आल्याची वेळ धरली तर पाणी स्वच्छ मिळण्याची शक्यता वाढते. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी मात्र पाणी जोरात बाहेर खेचतं. तिथे हौस म्हणूनही उतरू नका.

सुट्टी मेच्या शेवटी मिळते हे खरं, पण तोवर समुद्र फिरलेला असतो. २०२२ च्या मे अखेरीस तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा, द्राक्षवाल्यांनी छाटणी आणि काढणी यांच्यामधली फट शोधा.

पाण्यात उतरल्यावर आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतताना प्रवाह मदत करतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग वळा. जमत नसेल तर लाइफ जॅकेटवर तरंगत एक हात वर करून हलवा.

जॅकेट, फिन्स आणि जोडीदार

जॅकेट घातल्यावर कुणालातरी खांद्याजवळून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, पाण्यात तुमच्याच तोंडावर येईल. सगळे बकल लावा. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंखे, घालून वाळूत पुढे चालू नका. कमरेभर पाण्यात उभं राहून घाला, आणि चालावंच लागलं तर उलटं चाला. सायकल चालवल्यासारखे गुडघे मारू नका, पाय कमरेतून हलवा.

पालथं तरंगणारा स्नॉर्कलर आणि बेशुद्ध पडलेला माणूस वरून अगदी सारखेच दिसतात. म्हणून दोघांची जोडी हवी, एक जण खाली बघत असेल तेव्हा दुसऱ्याचं डोकं वर. किनाऱ्यावर मोबाइल बघत ‘लक्ष ठेवणारे’ काका जोडीदार ठरत नाहीत. खूण आधीच ठरवा: पाणबुड्यांच्या भाषेत अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा.

हात लावू नका

प्रवाळाने खरचटलेली जखम लहान दिसते पण चिघळते. स्वच्छ पाण्याने आणि साबणाने चोळून धुवा, जंतुनाशक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते तपासा. प्रवाळ घरी आणू नका, मेलेला तुकडाही वन्यजीव कायद्यात येतो. सुंदर नक्षीचे शंकूसारखे शंखही उचलू नका, त्यांतल्या काही जिवंत गोगलगायींचा डंख जीवघेणा असतो. वाळूत चालताना पाय घासत चाला, म्हणजे पाकट (स्टिंग रे, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर आधीच सटकतो. पाकट किंवा विषारी माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या, ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात अवयव बुडवा आणि डॉक्टर गाठा. जेलीफिश लागली तर गोडं पाणी, वाळू, लघवी काही नको. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा.

उन्हाचंही बघा. पाण्यात गार वाटतं आणि मानेची मागची बाजू, पाठ, गुडघ्यांच्या लवणी भाजून निघतात. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हाच उत्तम सनस्क्रीन. थायलंडला जात असाल तर तिथल्या सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं असलेल्या क्रीमवर २०२१ पासून बंदी आहे.

बुडालेल्याला उलटं धरू नका

पोट दाबणं, पाय धरून उलटं लटकवणं, गरगर फिरवणं, हे सगळं वेळ घालवणारं आणि घातक. श्वास नसेल तर उताणं झोपवा, डोकं मागे करून नाक धरा आणि तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हेच चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावावा, बोटीवर असाल तर तटरक्षक दलाचा १५५४. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्याच, दम लागणं काही तासांनीही वाढू शकतं.

आणि परतल्यावर कान दुखला तर गरम तेल ओतू नका, काडी घालू नका. मान एका बाजूला झुकवून पाणी निथळू द्या, रुमालाने बाहेरूनच टिपा, आणि दुसऱ्या दिवशीही दुखत असेल किंवा पाणी येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.