पिकअपमध्ये जड माल भरताना या चुका टाळा

मुंबईतल्या दारुखान्याच्या लोखंडबाजारातून माल उचलणाऱ्या किंवा उपनगरांतल्या इमारतींच्या डागडुजीचे सामान पोहोचवणाऱ्या पिकअपवाल्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते, ते म्हणजे माल डोळ्यांनी मोजणे. रिकाम्या खोक्यांनी हौदा काठोकाठ भरला तरी गाडीला त्याचे काही वाटत नाही. लोखंड, वाळू किंवा ग्रॅनाइट असेल, तर हौद्याचा तळ जेमतेम झाकला जातो तोच गाडीची क्षमता संपलेली असते.

वाळूचेच उदाहरण घ्या. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि एक ब्रास कोरडी वाळू साधारण साडेचार टन भरते. हौदा 8 फूट लांब व साडेपाच फूट रुंद असेल, तर त्यात फूटभर थर म्हणजे 44 घनफूट, अर्थात जवळजवळ 2 टन वाळू होते. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पिकअप 1.3 ते 1.7 टनांच्या असतात, त्यामुळे हौद्यात अजून जागा रिकामी दिसत असतानाच गाडी मर्यादेपलीकडे गेलेली असते. पावसात भिजलेली वाळू तर याहूनही जड. जुने बाथरूम फोडून निघालेल्या डेब्रिजच्या गोण्यांनाही हाच हिशेब लावावा. 18 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो, म्हणजे 300 चौरस फुटांतच 1,350 किलो झाले. सळईसाठी मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला 162 ने भागले, की दर मीटरचे वजन किलोत मिळते.

गाडीची क्षमता किती, हे विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता आरसी पुस्तकात पाहावे. एकूण वजनातून रिकामे वजन वजा केल्यावर उरलेला आकडाही सगळा मालाचा नसतो, कारण चालक, सोबतचे दोन हमाल, ताडपत्री आणि दोर त्याच आकड्यात बसवायचे असतात. शंका असल्यास काटा करून घ्यावा, आणि काट्यावर एकदा फक्त मागची चाकेही तोलावीत. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल जादा भरलेला असणे, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

तसे होण्याचे कारण माल ठेवण्याच्या जागेत असते. उतरवायला सोपे पडावे म्हणून ओळखीच्या एका चालकाने ग्रॅनाइटच्या लाद्या फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराला, लागूनच रचून घेतल्या होत्या. उड्डाणपुलाच्या चढावर स्टिअरिंग इतके हलके झाले, की वळवले तरी पुढची चाके ऐकेनात. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर 3 मीटर धरले आणि मागच्या ॲक्सलच्या पाऊण मीटर मागे 500 किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर 625 किलोंची भर पडते आणि पुढच्या चाकांवरून 125 किलो उचलले जातात. म्हणून सर्वांत जड नग केबिनच्या बाजूला, मागच्या ॲक्सलच्या पुढे आणि शक्य तितका खाली ठेवावा. भरल्यावर स्टिअरिंग हलके लागले, हेडलाइटचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांवर जाऊ लागला किंवा गाडी एका अंगाला कलली, तर तिथेच थांबून माल पुन्हा रचणे भाग आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र गॅरेजात होते. गाडी मागे बसते म्हणून मागच्या स्प्रिंगचे एक-दोन पाटे वाढवून घेतले जातात, आणि आता गाडी अडीच टन उचलेल असे मालक समजतो. पाट्यांमुळे फक्त हौद्याची उंची टिकते. टायर, बेअरिंग, ॲक्सल, चासी आणि ब्रेक होते तेवढ्याच ताकदीचे राहतात. अनेक पिकअपच्या मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व्ह असतो, जो चासी ॲक्सलच्या किती जवळ आली यावरून भार ओळखतो आणि त्या मानाने ब्रेकला कमी-जास्त दाब देतो. पाटे कडक केल्यावर चासी खाली येत नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि माल जास्त असताना मागचा ब्रेक कमी लागतो. पाटे बदलायचेच असतील, तर त्या व्हॉल्व्हचे सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे तपासून घ्यावे. उतारावर जळका वास आला, तर खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरून गाडी बाजूला घ्यावी आणि ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये.

टायरची हवा गाडी थंड असताना, दरवाज्याजवळच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी.

माल बांधताना ताडपत्रीवरून टाकलेला दोर म्हणजे बांधणी, असे समजू नये. पाइप आणि गोल नगांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकावी, लाद्या घोडीवर, म्हणजे तिरक्या आधाराच्या चौकटीवर, उभ्या ठेवून रॅचेट पट्ट्याने (खटका ओढून आवळायच्या पट्ट्याने) आवळाव्यात, आणि दोन-तीन किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढून पाहावेत, कारण खड्ड्यांतून गेल्यावर माल बसतो आणि पट्टा सैल पडतो. दुमडलेल्या सळ्या फाळक्याबाहेर ठेवून त्यांना लाल फडके बांधल्याने त्या कायदेशीर होत नाहीत. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी 20,000 रुपये दंड आहे. जादा वजनासाठीही 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये भरावे लागतात, शिवाय तो माल उतरवल्याशिवाय गाडी हलू दिली जात नाही.

माल उतरवतानाही घाई नको. फाळका उघडण्यापूर्वी त्याला काही टेकले आहे का ते पाहावे आणि उघडताना समोर न राहता बाजूला उभे राहावे. पुढचा माल आधी काढला तर सगळा भार मागे उरतो, म्हणून सुरुवात फाळक्याकडून करावी. परतताना रिकाम्या गाडीची मागची चाके ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यास लगेच घसरतात. जाताना भरल्या गाडीच्या ब्रेकला सरावलेला पाय तेवढा रस्ता हलकाच ठेवावा.